विद्यापीठाची नामावळी

आमच्या शाळेत दर दिवाळीला मुलांचे एक हस्तलिखित निघते. खानदेशात ही चाल जुनी आहे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. आमचे हस्तलिखित वर्षातून एकदाच निघते आणि तेही मुलांच्या मागे लागून लागून काढावे लागते. यंदा दहावीतल्या एका मुलीने त्यासाठी एक यादी तयार करून आणली. तिची थोरली बहीण मुंबईला शिकते, तिच्याकडून तिने माहिती मागवली होती. मथळा ठसठशीत अक्षरात, खाली दुहेरी रेघ : ‘मुंबई विद्यापीठाचे नामवंत पदवीधर व प्राध्यापक.’ दोन ताव भरून नावे होती आणि प्रत्येक नावापुढे पदवी व साल. “सर, तपासून द्या,” म्हणाली.

तपासायला मी बसलो खरा, पण मी स्वतः मॅट्रिक. (दहावीला आमच्याकडे अजून मॅट्रिकच म्हणतात.) पुढे कॉलेजची पायरी चढणे झाले नाही. विद्यापीठाचा तो राजाबाई टॉवर मी ओव्हलच्या मैदानावरून, रस्त्यापलीकडून पाहिलेला. तेव्हा पदवीधरांच्या यादीवर लाल पेन्सिल चालविण्याचा अधिकार मला कितपत, हा प्रश्नच होता. तरीही पेन्सिल चालू लागली. रानडे, भांडारकर बरोबर. १८५७ साली विद्यापीठ निघाले आणि १८६२ साली जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांतले हे दोघे. उरलेले दोघे बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. टिळक, आगरकर बरोबर. पुण्याची कॉलेजे तेव्हा मुंबई विद्यापीठाचीच होती. पुण्याला स्वतंत्र विद्यापीठ झाले ते १९४९ साली. पुढे आले महात्मा गांधी, आणि तिथे मी थांबलो.

“अगं, गांधीजी इथले पदवीधर कुठे होते?”

“नाहीत सर. पण मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची होती त्यांची. १८८७ साली.”

मुलीचे म्हणणे खरे होते. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घेत असे. ती बोर्डाकडे गेली स्वातंत्र्यानंतर. गांधीजींनी ती परीक्षा दिली, भावनगरच्या कॉलेजात एक सत्र काढले आणि ते विलायतेला गेले. एवढ्या धाग्यावर विद्यापीठाने त्यांना आपले म्हणावे, यात मला काही वावगे वाटत नाही. एवढा मोठा माणूस दाराशी येऊन गेला तर कोणते घर ते सांगणार नाही? पण मग मी तिला म्हटले, “गांधीजी चालत असतील तर केशवसुत का नाहीत?”

केशवसुत यादीत नव्हते.

याच वेळी मागे उभा असलेला एक मुलगा बोलला. हा मुलगा निबंध असा लिहितो की मला तो दोनदा वाचावासा वाटतो. गेल्या वर्षापासून तो चोरून कथाही लिहितो. तो म्हणाला, “सर, केशवसुत मॅट्रिक. खांडेकर मॅट्रिक. तुम्हीपण मॅट्रिकच. मग मी कॉलेजात कशाला जाऊ?”

वर्गात असल्या प्रश्नाला मास्तराकडे ठराविक उत्तर असते आणि मीही ते दिले. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ते पुरेना. विद्यापीठाने मराठी वाङ्मयाला काय दिले आणि काय दिले नाही, हे पुस्तकांकडूनच विचारून घ्यावे असे मनाशी ठरवून मी दिवाळीपूर्वीचा महिना काढला. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम केशवसुत. जन्म १८६६ चा, मॅट्रिक १८८९ ची. म्हणजे बाविशी ओलांडल्यावर ती परीक्षा पदरात पडली. नंतरचे सारे आयुष्य मास्तरकीत गेले, त्यातली काही वर्षे आमच्या भडगाव-फैजपुरात. १९०५ साली हुबळीला प्लेगाने ते गेले. हयातीत त्यांच्या कवितेचे पुस्तक निघाले नाही. आता त्यांच्या थोडे आधीचे एक उदाहरण घ्या. महादेव मोरेश्वर कुंटे हे विद्यापीठाचे विद्वान पदवीधर. त्यांनी १८६९ साली ‘राजा शिवाजी’ हे काव्य लिहिले आणि त्याला इंग्रजीत प्रस्तावना जोडली. जुन्या संकेतांची कविता आता पुरे, साधी भाषा, खरा अनुभव हवा, हा त्या प्रस्तावनेचा रोख. अगदी योग्य विचार! तो विचार आज वाङ्मयेतिहासात उरला आहे, काव्य मात्र कोणी वाचीत नाही. कुंट्यांना काय हवे ते कळले होते, पण ते साधले केशवसुतांना. माझा तर्क असा की केशवसुतांनी इंग्रजी कविता वाचली ती परीक्षेसाठी नव्हे. परीक्षेसाठी वाचणाऱ्याला तिचे गुणदोष सांगता येतात. यांना ती भुकेल्या पोटी भेटली. ‘तुतारी’तला आवेश पाठ्यपुस्तकातून उचलता येत नाही.

इतके म्हटल्यावर माझा विद्यार्थी खूष होईल. पण थोडे थांबावे लागेल, कारण या कवीला जगासमोर कोणी आणले तेही पाहिले पाहिजे. केशवसुतांच्या कविता त्यांच्या मागे १९१७ साली पुस्तकरूपाने काढल्या हरिभाऊ आपट्यांनी. आणि हरिभाऊंची कथा आणखी चमत्कारिक आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणाऱ्या या कादंबरीकाराचे कॉलेजचे शिक्षण पुरे झाले नाही, पदवी मिळाली नाही. आता विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमाला म्हणून एक मोठ्या मानाची माला होती. तिची पहिली व्याख्याने १८७७ साली दिली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी, म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एकाने. पुढे १८९३ साली ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्याच मालेत पुढे मराठी भाषेची उत्पत्ती आणि विकास यांवर बोलायला विद्यापीठाने बोलावले ते पदवी न मिळालेल्या हरिभाऊंना. मला हा प्रसंग फार आवडतो. विद्यापीठाला त्या वेळी आपली चूक दुरुस्त करावीशी वाटली, की ते फक्त योग्य माणूस शोधीत होते, कोण जाणे. पण जे विद्यापीठ आपल्या परीक्षेत न टिकलेल्याला व्यासपीठावर बोलावते, त्याला केवळ कारकून घडविणारा कारखाना म्हणून मोकळे होता येत नाही.

कादंबरीच्या अंगानेही पाहू. हरिभाऊ पदवीच्या वाटेला लागून सरकारी नोकरीत गेले असते तर यमू लिहिली गेली असती का? मला वाटते, कदाचित गेलीही असती. पण अशी नव्हे. यमूच्या तोंडून सारी कादंबरी वदवताना हरिभाऊंनी एका न शिकलेल्या, पुढे नवऱ्याकडून शिकलेल्या बाईची वाक्ये ऐकली आहेत. ती वाक्ये घरगुती आहेत, पाल्हाळ लावतात, मध्येच रडतात. सुशिक्षितांच्या निबंधी मराठीचा त्या काळी केवढा दबदबा होता! चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ची. ती भारदस्त वाक्ये यमूच्या तोंडी घालण्याचा मोह हरिभाऊंना झाला नाही. सुशिक्षित असूनही सुशिक्षितासारखे न लिहिणे ही कादंबरीकाराची पहिली परीक्षा, आणि या परीक्षेत हरिभाऊ पहिल्या वर्गात उतरले.

पण विद्यापीठाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यापीठ निघाल्यावर थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठी उठली. ती परत यावी म्हणून रानड्यांनी शेवटपर्यंत खटपट केली. म्हणजे मराठीचा कळवळा तिथे नव्हता असे नाही. तो माणसांत होता, नियमांत नव्हता. विद्यापीठाचा स्वतंत्र मराठी विभाग निघाला तो १९६९ साली. मधल्या शंभर वर्षांत जे प्राध्यापक मराठीत मोठे झाले त्यांच्याकडे पाहिले की एक मजेची गोष्ट दिसते. विंदा करंदीकर इंग्रजीचे. मर्ढेकरांनीही कॉलेजात शिकविले ते इंग्रजी. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे, पु. शि. रेगेही अर्थशास्त्राचे. दिवसा इंग्रजीत लेक्चर द्यायचे आणि घरी येऊन मराठीत लिहायचे. वसंत बापटांसारखे अपवाद आहेत, नाही असे नाही. ते मराठी आणि संस्कृत शिकवीत आणि पुढे विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर गेले. परंतु एकंदरीत पाहता नवकविता आणि नवकथा यांची पुष्कळशी मशागत मराठी न शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी केली. मला वाटते, शिकविण्याचा विषय आणि जिवाचा विषय निराळे असल्यामुळे त्यांचे बरेच भले झाले. रोज तीच कविता फळ्यावर लिहून तिचे रसग्रहण करून दाखवावे लागले की काय होते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. आवडत्या कवितेला तास लावू नये!

आता टीकेकडे. माझ्यासारख्याला विद्यापीठाचे खरे ऋण जाणवते ते रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पाशी. पाटणकर विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्राध्यापक. १९७४ सालचे हे पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. हे पुस्तक वाचायला मला तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, हे सांगायला मी लाजत नाही. पहिल्या सुट्टीत कांट हा गृहस्थ माझ्या अंगणातून एकदा हसत गेला आणि परत फिरकला नाही. पण तिसऱ्या सुट्टीत एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. कलेला जगाशी नाते सांगणारे आणि कलेला जगापासून वेगळी काढणारे, असे दोन पक्ष आपण गावातल्या दोन भावक्यांप्रमाणे भांडताना पाहतो. पाटणकर म्हणतात की कलेच्या आपल्या कल्पनेलाच ही दोन टोके आहेत. एक तोडून टाकले तर दुसरे उभे राहत नाही. एवढे वाचल्यावर माझ्या एका कादंबरीवर ‘प्रचारकी’ असा शेरा मारणाऱ्या टीकाकाराचा आणि त्याला कडकडून उत्तर देणाऱ्या माझाही मला एकदमच राग गेला. असले पुस्तक शेताच्या बांधावर बसून लिहून होत नाही. त्याला ग्रंथालय लागते, वर्षानुवर्षे त्याच प्रश्नांशी झटणारे सहकारी लागतात, शंका विचारणारे विद्यार्थी लागतात आणि महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. आणि हे सारे इंग्रजीत लिहून परदेशी नाव मिळविण्याऐवजी त्यांनी ते मराठीत लिहिले. त्यासाठी मराठीत शब्द घडविले. काही शब्द ओबडधोबड आहेत, पण घर बांधताना चिरे असेच असतात.

याच विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची गोष्ट तर एखाद्या कादंबरीला पुरेल. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ पासून १९५९ पर्यंत या विभागाचे प्रमुख. त्यांची पुस्तके इंग्रजीत. पण त्यांच्याकडे शिकलेल्या दोघींनी मराठीला जे दिले ते पाहा. इरावती कर्वे त्यांच्या हाताखाली एम. ए. झाल्या, बर्लिनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी ‘युगान्त’ दिले. दुर्गा भागवत याही घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी. त्यांची पीएच.डी. झाली नाही, संशोधनासाठी रानावनात हिंडताना दुखणे लागले आणि त्यात काही वर्षे गेली. त्यांचे ‘व्यासपर्व’ १९६२ चे. गुरू एक आणि दोन्ही पुस्तकांचा विषयही एकच, महाभारत. पण ही पुस्तके एकामागोमाग वाचावीत. इरावतीबाई भीष्मासमोर उभ्या राहतात त्या प्रश्न विचारायला : या माणसाच्या त्यागाचा हिशेब कोणी मांडला का? ज्या बायकांची आयुष्ये त्यात चिरडली त्यांचे काय? घराणे, नाते, जमीन, जंगल यांच्या हिशेबाने त्या माणसे तपासतात. खांडववन जळते तेव्हा कोण जळले हे त्यांना दिसते. दुर्गाबाई असे तपासायला बसत नाहीत. त्या व्यक्तिरेखेच्या जवळ जाऊन तिच्यातला अंधार चाचपतात. त्यांच्या अश्वत्थाम्याजवळ आपण बसून राहतो, उत्तर मागत नाही. एका बाईला शास्त्र पुरे शिकायला मिळाले, दुसरीचे अर्धे राहिले, म्हणून ही पुस्तके अशी झाली असे मात्र कृपा करून कोणी समजू नये. दुर्गाबाईंचा व्यासंग कोणत्याही डॉक्टराच्या तोंडचे पाणी पळवील असा होता. पदवीचा हा हिशेब पुस्तकाच्या पानावर लागू पडत नाही, एवढेच यातून दिसते. माझी स्वतःची आवड विचाराल तर ‘युगान्त’ मी मुलांना वाचायला देतो आणि ‘व्यासपर्व’ स्वतःसाठी ठेवतो.

पदवीचा प्रश्न ज्या कादंबरीने सरळ अंगावर घेतला ती ‘कोसला’. भालचंद्र नेमाडे आमच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, तेव्हा थोडे घरचे बोलल्यासारखे वाटेल. त्याला इलाज नाही. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा लेखक पंचविशीचा होता. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो, मंडळांचा सेक्रेटरी होतो, वडिलांचे पैसे उडवतो आणि शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. मराठी कॉलेजजीवनाच्या कादंबऱ्यांत तोवर प्रेम, टेनिस आणि ध्येयवाद हे असायचेच. नेमाड्यांनी मेसचे बिल आणि अंथरुणातले ढेकूण आणले. एवढ्यावरून ती मोठी झाली असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या मते तिचा कणा मनीच्या मृत्यूत आहे. धाकटी बहीण देवीने जाते, आणि पुण्यात शब्दांशी खेळणारा हा पोरगा अचानक शब्दांपाशीच अडतो. त्या पानांपर्यंत कॉलेजात कमावलेली थट्टा त्याच्या कामी येत होती. तिथे ती येत नाही. शिक्षणाने काय दिले नाही, हे इतक्या थोड्या जागेत मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले मला आठवत नाही.

आणि हेच नेमाडे पुढे इंग्रजी घेऊन मुंबई विद्यापीठाचे एम. ए. झाले, जन्मभर प्राध्यापकी केली, त्याच विद्यापीठाच्या टागोर अध्यासनावरून निवृत्त झाले, आणि २०१४ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. मुलीच्या यादीत त्यांचे नाव दोन्हीकडे होते, पदवीधरांतही आणि प्राध्यापकांतही. पांडुरंग नापास झाला, त्याचा कर्ता पास झाला! ‘हिंदू’ २०१० साली आली. तिचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक. या कादंबरीचा आवाका ‘कोसला’च्या कितीतरी पट आहे, आणि तिच्यातला खेड्याचा, नातलगांचा, भाषेचा पसारा पाहून मी थक्क झालो. तरीही प्रांजळपणे सांगायचे तर काही ठिकाणी मला प्राध्यापकाचा आवाज ऐकू आला. पांडुरंगाला काही सिद्ध करायचे नव्हते. खंडेरावाला पुष्कळ सिद्ध करायचे आहे. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने ‘कोसला’ दोन रात्रींत संपवली. ‘हिंदू’ त्याच्या उशाशी दोन वर्षे आहे. दोष कुणाचा ते मी सांगत नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. केशवसुत, खांडेकर ही नावे घेणे सोपे आहे. तो नारायण सुर्वे यांचेही नाव घेईल म्हणून मी वाट पाहत होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याने घेतलेच. गिरणी कामगाराला सापडलेले पोर, परळच्या चाळीत वाढले, शाळेत शिपाई झाले. १९६६ साली त्यांच्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’. गॉर्कीने आपल्या आत्मकथेच्या एका भागाला असेच नाव दिले होते हे खरे. पण मुंबईच्या रस्त्यावर, राजाबाई टॉवरच्या टप्प्यात राहून एका कामगाराने तो शब्द उचलला तेव्हा त्याला वेगळीच धार आली. मात्र ती कविता नीट वाचावी. तिच्यात शाळा न मिळाल्याची फुशारकी नाही. तिच्यात शिकणे आहे, आणि ते महाग पडलेले शिकणे आहे. आणि कवीने पुढे काय केले? नोकरी सांभाळून परीक्षा दिल्या आणि त्याच शाळांत शिक्षक झाला. रस्त्याला विद्यापीठ म्हणणारा माणूस खडू हातात घेऊन वर्गात उभा राहिला, हे विसरून त्याचे नाव घेता येणार नाही.

शिवाय यादीतले एक नाव असे आहे की त्याच्यापुढे ‘पदवीत काय आहे’ हे वाक्य तोंडातून फुटत नाही. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९३५ साली सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. सिडनहॅमला असतानाच १९२० च्या जानेवारीत त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्यांच्या मराठी अग्रलेखांकडे टीकाकारांनी वाङ्मय म्हणून अजून पुरेसे पाहिलेले नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. वकिलाची शिस्त, कीर्तनकाराची दृष्टान्तांची हौस, आणि खाली जळणारा राग. ‘बहिष्कृत भारता’तले काही अग्रलेख मी शब्द मोजून वाचले आहेत, त्यांत एकही विशेषण उगीच पडलेले नाही. आणि या माणसाने मुलांना काय दिले? १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज, पुढे औरंगाबादला मिलिंद. त्या वर्गांतून नि त्या वसतिगृहांतून दलित लेखकांची एक पिढी उभी राहिली. जोतिबा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले होते की गरिबाच्या पैशावर वरच्यांची कॉलेजे चालतात आणि गरिबाच्या गावात शाळा नाही. जोतिबा कुठल्याच पदवीधरांच्या यादीत नाहीत. पण कॉलेजे मोडा असे त्यांनीही म्हटले नाही. दार उघडा म्हटले. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात पदवीच्या चौकटी भिंतीवर टांगलेल्या आहेत, तिथल्या मुलाला पदवी झुगारण्याची ऐट शोभते. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी भिंतीवर फक्त पंचांगाचे कॅलेंडर आहे.

हे मी त्याला एवढ्या शब्दांत सांगितले नाही. माझ्याबद्दल मात्र सांगितले. एका साहित्यिक सभेच्या पत्रिकेत सर्व वक्त्यांच्या नावांपुढे त्यांच्या पदव्या छापल्या होत्या. माझ्या नावापुढे काही छापण्यासारखे नव्हते, म्हणून कोणा सज्जनाने तिथे ‘ग्रामीण’ हा शब्द घातला. मी त्या सभेत बोललो, बरे बोललो. पण घरी येताना एस. टी.त बसून मी दुसऱ्यांच्या पदव्या पाठ म्हणत होतो. केशवसुतांचे नाव घेणाऱ्याने हेही जाणून असावे. मी न शिकल्यामुळे कादंबरीकार झालो नाही. शिकायला मिळाले नाही आणि तरी झालो. या ‘तरी’ला पुष्कळ वर्षे लागली. पाटणकरांना ज्या तीन सुट्ट्या दिल्या त्या मला विशीत मिळाल्या असत्या तर माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्या मी छापल्या नसत्या, हे वाचकांच्या दृष्टीने बरेच झाले असते.

आणि हो, नियम लावायचाच तर केशवसुत, हरिभाऊ, खांडेकर तिघेही विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या दारातून यादीत येतात. माझी मॅट्रिक बोर्डाची, त्यामुळे मला त्या वाटेने शिरता येत नाही. मुलीने हे ऐकून गंभीरपणे मान हलवली आणि तिन्ही नावे घातली. साने गुरुजींचे नाव तिच्या यादीत नव्हते. ते एम. ए. होते हे तिला ठाऊकच नव्हते. “श्यामची आई लिहिणारे एम. ए.?” तिने दोनदा विचारले.

मग तिचाच एक प्रश्न निघाला. बहिणाबाईंना कुठे लिहायचे? आसोद्याची ही लेक, अक्षरओळख नाही; ओव्या तिने गायल्या आणि त्या दुसऱ्यांनी टिपून घेतल्या, १९५२ साली पुस्तक निघाले. आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. या मुलीच्या चुलतभावाच्या पदवीवर ते छापलेले आहे. पदवीधरांत नाही, प्राध्यापकांत नाही. “शिवाय सर, ते मुंबई विद्यापीठ नाही,” तिने स्वतःच शंका काढली. नियम म्हणजे नियम. शेवटी तिने तावाच्या उजव्या समासात, उभ्या ओळीत, नाव लिहिले. त्या पानाची बांधणी आता जरा वाकडी दिसते.

मुलाचे वडील परवा येऊन गेले. अकरावीला कुठली शाखा घ्यायची, जळगावला ठेवावे की भुसावळला, बसचा पास किती पडतो, हे सारे विचारून गेले. मुलगा बाहेर सायकल धरून उभा होता. हस्तलिखितासाठी त्याने दिलेली कथा माझ्याकडेच होती. सुरुवात छान आहे. बापाचे आणि बैलाचे बोलणे त्याला फार चांगले ऐकू येते. पण शेवटच्या दोन पानांत तो मला खूष करायला लागला आहे. ती दोन पाने नव्याने लिहून आण, असे सांगून मी कथा त्याला परत दिली.